तालुक्याच्या दैनिकाचे जुने खंड: छायाचित्रण, सूची आणि इतिहासाची जुळणी (प्रकल्प नोंदी)

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या वाचनालयात तिथूनच निघणाऱ्या, आता बंद पडलेल्या दैनिकाचे बांधीव खंड आहेत. पहिला खंड १९५५ चा, त्या वेळी ते साप्ताहिक होतं. काम दुहेरी आहे: प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवायचा आणि दैनिकाचा इतिहास तारीखवार लावायचा. मालकांच्या वारसांनी छायाचित्रणाला लेखी संमती दिली, पण नाव नको म्हणाले, म्हणून या नोंदींत दैनिकाचं नाव नाही. आपापल्या तालुक्यात असं काम काढणाऱ्यांसाठी या नोंदी आहेत.

११ नोव्हेंबर २०२४ – पाहणी

पावसाळ्यात कपाटं उघडायची नाहीत असं आधीच ठरलं होतं. दमट हवेत बुरशी आली असली तर पान उलटताना ती सगळीकडे पसरते. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली, तेव्हा सुरुवात केली.

खंड सहामाही आहेत. बाइंडरने कण्यापासून जवळजवळ एक सेंटीमीटर आत आरपार टाचे मारले आहेत, त्यामुळे आतल्या बाजूच्या कॉलमची पहिली दोन-तीन अक्षरं शिवणीत गेली आहेत. खंड कितीही दाबून उघडला तरी ती दिसत नाहीत, उलट पान टाच्यापाशी फाटतं. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला हिरवट डाग आहेत. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची बाइंडरांची जुनी पद्धत होती, त्याचे हे डाग. कसर खरंच लागलेली नाही, पण मोरचुदाशी टेकलेली पहिली-शेवटची पानं तपकिरी पडून बिस्किटासारखी मोडताहेत.

खंडांचे तीन ढीग केले. पहिला जसाच्या तसा उघडून फोटो निघतील असा, दुसरा शिवण उसवावी लागेल असा आणि तिसरा आधी दुरुस्ती मागणारा. शिवण उसवण्यापूर्वी वाचनालयाच्या कार्यकारिणीचा ठराव घेतला. हे टाळू नका. खंड वाचनालयाच्या दप्तरी मालमत्ता म्हणून नोंदलेले असतात आणि उसवलेला खंड बघून पुढची समिती जाब विचारते.

१९ नोव्हेंबर – साफसफाई

रुंद, मऊ केसांचा ब्रश, एन-९५ मास्क, रबरी हातमोजे. पान कण्याकडून बाहेर झाडायचं. उलट झाडलं की धूळ शिवणीत जाऊन बसते. मागे कुणीतरी पानोपानी कडुनिंबाचा पाला घातला होता. सुकून त्याचा भुगा झाला आणि जिथे कडुनिंबाचं पान होतं तिथे पिवळट छाप उठली आहे. पाला काढून टाकला. डांबरगोळ्या फक्त कपाटाच्या तळाशी ठेवल्या, पानांत नाही. खंडांना ऊन दाखवायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. न्यूजप्रिंटला ऊन लागलं की ते पिवळं पडून ठिसूळ होतं, त्यामुळे तो मानला नाही.

२ डिसेंबर – स्टँड

गावातल्याच फॅब्रिकेटरकडून चौकोनी पाइपचा स्टँड करून घेतला, ३,१०० रुपये. कॅमेरा एका सभासदाचा, २४ मेगापिक्सेल, ३५ मिमी लेन्स, म्हणून तो खर्च नाही. पान सपाट ठेवायला ५ मिमी जाडीची साधी काच, कडा घासून, ६४० रुपये. एलईडी पॅनल दोन, दोन्हीकडून ४५ अंशांवर, २,९०० रुपये.

पहिल्या चाचणीत फोटोंवर आडवे फिकट पट्टे आले. कारण शटरच्या वेगात होतं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, स्वस्त एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतो, आणि १/२०० ला कॅमेरा त्या लुकलुकीचा तुकडाच पकडतो. १/५० वर आणलं, एफ/८, आयएसओ २००, पट्टे गेले. काचेत कॅमेऱ्याचं प्रतिबिंब पडत होतं. लेन्सएवढं भोक पाडलेला काळा पुठ्ठा कॅमेऱ्याखाली लावला, तेही गेलं.

प्रत्येक फ्रेमच्या कडेला फूटपट्टी ठेवा. पानाचा आकार कधी बदलला हे पुढे तीच सांगते.

९ डिसेंबर – अख्खं पान एका फ्रेममध्ये बसवू नका

हे दैनिक डबल क्राउन कागदावर छापलं जाई. २० × ३० इंचांचा ताव एकदा दुमडला की १५ × २० इंचांची चार पानं. ३५ मिमीने साधारण ३७ इंचांवरून अख्खं पान फ्रेममध्ये येतं. फोटो स्क्रीनवर सुरेख दिसले, म्हणून दोन सहामाही खंड तसेच काढून झाले. अक्षरओळख (फोटोतला मजकूर संगणकाकडून वाचून घेणं) लावल्यावर अनुस्वार आणि तुटक्या मात्रा गळालेल्या निघाल्या.

हिशोब साधा आहे. कॅमेऱ्याची आखूड बाजू ४,००० पिक्सेल, कडा धरून पान १६ इंच, म्हणजे इंचाला २५० ठिपके. हाताने जुळवलेल्या झिजक्या खिळ्यांना (छपाईच्या धातूच्या अक्षरांना) तेवढे पुरत नाहीत, ३०० च्या वरच हवेत. मग कॅमेरा फिरवून पानाचे वरचा आणि खालचा असे दोन फोटो घेतले. कॅमेऱ्याची उंची २६ इंच, फ्रेमची रुंदी साडेसोळा इंच, इंचाला सुमारे ३६० ठिपके, मध्ये दोन्ही फोटोंत येणारी दीड इंचाची आच्छादणी. चार पानी अंकाचे आठ फोटो होतात. रॉ फाइल २८ एमबीच्या आसपास आणि वर्षाला साधारण ३०० अंक धरले, तर एका वर्षाला ६७ जीबी. दोन-दोन टीबीच्या दोन हार्डडिस्क, ११,४०० रुपये. आधीचे दोन्ही खंड पुन्हा काढले.

१४ डिसेंबर – मागचा छापा

पातळ कागदातून पाठीमागच्या पानाचा मजकूर पुढे डोकावतो. पानाखाली काळा कार्डशीट सरकवला की तो बराच दबतो. हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण वाळवीने खाल्लेल्या पानाला हाच उपाय बाधतो: भोकातून काळा कागद दिसतो आणि संगणक भोकाला अक्षर समजतो. एका पानावर वाळवीच्या भोकांच्या रांगेचे ‘ठ’ आणि ‘०’ झाले होते. भोकं असतील तिथे पांढरा कागद, नसतील तिथे काळा. दोन्ही हाताशी ठेवा.

३ जानेवारी २०२५ – अंक क्रमांकावर विसंबू नये

सूचीचं पहिलं कोष्टक ‘वर्ष’ आणि ‘अंक’ यांवर उभं केलं होतं. हरवलेले अंक शोधायला ते सोपं वाटतं. ते सगळं कोष्टक मोडावं लागलं.

छापखान्यात दैनिकाचं मस्तक दरवेळी नव्याने जुळवत नसत. नावाचा ब्लॉक, खालची रूळ (छापील रेघ), ‘वर्ष’, ‘अंक’, वार, तारीख आणि किंमत ही पट्टी चेसमध्ये (खिळे आवळून धरणाऱ्या चौकटीत) तशीच उभी ठेवायची आणि रोज तेवढे आकडे बदलायचे. घाईत एखादा आकडा राहून जाई. म्हणून एकच अंक क्रमांक सलग दोन दिवस येतो, तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी लक्षात येतं आणि एकदम दोनची उडी दिसते. काही वेळा उडी मारलीच जात नाही, आणि तिथून पुढचं सगळं वर्ष एकाने मागे चालतं. १९६० च्या दशकात इथे खिळे जुळवणाऱ्या एका काकांना हे दाखवलं तर म्हणाले, “फर्मा मशीनवर चढल्यावर आकडा कोन पायते बाप्पा!”

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तर साल जुनंच राहतं. एका अंकावर ‘बुधवार, ३ जानेवारी १९६१’ आहे. ३ जानेवारी १९६१ ला मंगळवार होता. बुधवार १९६२ ला येतो. त्याच ओळीत पुढे ‘शके १८८३’ आहे. गुढीपाडव्याआधीच्या महिन्यांत इसवी सनातून ७९ वजा केले की शक मिळतो, पाडव्यानंतर ७८. म्हणजे अंक १९६२ चाच. बाइंडरनेही छापील साल बघून तो १९६१ च्या खंडात शिवला होता.

आता कोष्टकात रकाने असे: छापील तारीख, छापील वार, छापील शक, छापील वर्ष-अंक, आणि सगळ्यात शेवटी ‘ठरवलेली तारीख’. छापील काहीही दुरुस्त करायचं नाही, जसंच्या तसं उतरवायचं. फाइलचं नाव ठरवलेल्या तारखेवरून, साल-महिना-दिवस-पान-अर्ध या क्रमाने. वार आणि तारीख जुळतात का हे स्प्रेडशीट आपोआप तपासतं. जिथे जुळत नाही ती ओळ लाल होते आणि मग तेवढीच हाताने बघायची. वार सहसा बरोबर असतो, कारण वार चुकलेला लोक लगेच दाखवतात. साल चुकलेलं कुणी बघत नाही.

२० जानेवारी – जे हरवलेच नाहीत ते अंक

हरवलेल्यांची यादी लांबलचक झाली होती. त्यातला मोठा भाग खोटा निघाला. १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला छापखाना बंद, म्हणून १६ ऑगस्ट आणि २७ जानेवारीचे अंक नाहीतच. धुळवड, लक्ष्मीपूजन यांचंही तसंच. पण इथली खरी मोठी खिंड पोळ्याची आहे. पोळा आणि दुसऱ्या दिवशीची कर, दोन्ही दिवस जुळारी (खिळे जुळवणारे) आपापल्या गावी. काही वर्षी तिसरा दिवसही गेला आहे. पुण्या-मुंबईच्या दैनिकांच्या सुट्ट्यांची यादी इथे लावली तर पोळ्याचे अंक उगाच ‘गहाळ’ होतात. सुट्टीच्या आधीच्या अंकात पहिल्या पानाच्या तळाला चौकटीत ‘उद्याचा अंक निघणार नाही’ असं असतं. ती चौकट सापडली तरच रकान्यात ‘सुट्टी’ लिहायचं, नाहीतर ‘अनिर्णित’.

६ फेब्रुवारी – तारीख फाटलेली सुटी पानं

खंडांच्या तळाशी सुट्या पानांचा गठ्ठा होता, वरच्या कडा गेलेल्या. त्यांची सालं लावायला मथळ्यांपेक्षा कडेकोपऱ्यातला मजकूर उपयोगी पडला.

पहिली खूण सरकारी जाहिरात. निविदेखाली ‘मध्यप्रदेश शासन’ असेल तर अंक ऑक्टोबर १९५६ पर्यंतचा. विदर्भ तेव्हा मध्यप्रदेशात आणि राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ पासून ‘मुंबई राज्य’. १ मे १९६० पासून ‘महाराष्ट्र शासन’. जुना मजकूर पुढे काही आठवडे तसाच छापलेला आढळतो, म्हणून एका खुणेवर निकाल द्यायचा नाही.

दुसरी किंमत. ‘दीड आणा’ म्हणजे १ एप्रिल १९५७ आधीचा. ‘९ नवे पैसे’ म्हणजे त्यानंतरचा. १ जून १९६४ पासून अधिकृत ‘नवे’ गेलं, नुसते ‘पैसे’ राहिले. इथल्या अंकांत ‘नवे’ त्यानंतरही रेंगाळलं आहे, म्हणून ‘नवे’ नसणं हा पुरावा धरता येतो, असणं नाही.

तिसरी पिनकोड. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला. प्रिंटलाइनमध्ये (मुद्रक-प्रकाशकाच्या नाव-पत्त्याच्या ओळीत) किंवा जाहिरातीच्या पत्त्यात सहा आकडे दिसले की पान त्यानंतरचं.

चौथी बाजारभाव, आणि कापसाच्या मुलखात हीच सगळ्यात बोलकी. खंडीचे भाव, म्हणजे ७८४ रत्तलांचे (पौंडांचे), जुन्या पानांत. मेट्रिक वजनं रुळल्यावर क्विंटल. त्याहून मोठा बदल १९७२-७३ च्या हंगामात दिसतो. राज्य सरकारची एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली, खासगी व्यापाऱ्याला कापूस घेता येईना, आणि भावांच्या चौकटीतून कापसाचा लिलावी भाव गेला. ज्वारी, तूर, सरकी राहिली. त्या चौकटीत कापसाची ओळ आहे की नाही एवढं बघून बरीच सुटी पानं दोन बाजूंना लागली. दैनिकाच्या इतिहासातही ही नोंद महत्त्वाची आहे: अडत्यांच्या आणि खासगी जिनिंगच्या जाहिराती त्याच हंगामापासून पातळ झाल्या आणि त्यांची जागा सहकारी संस्थांच्या ‘हार्दिक शुभेच्छा’ जाहिरातींनी घेतली. मालकाने सहकारावरच्या अग्रलेखांचा सूर का बदलला याचा अर्थ जाहिरातींचे कॉलम इंच मोजल्याशिवाय लागत नाही.

शुद्धलेखनही हात देतं, पण जपून. ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘त्यामुळें’ असे अनुस्वार १९६२ च्या नियमांनी गेले. तरी खिळे जुळवणाऱ्याच्या हाताला लागलेली सवय नियम आला म्हणून एका दिवसात सुटत नाही.

३ मार्च – दैनिक नेमकं कधी झालं

रौप्यमहोत्सवी विशेषांकात ठासून लिहिलं आहे की १९५८ च्या दसऱ्याला साप्ताहिकाचं दैनिक झालं. नंतरच्या प्रत्येक गौरवलेखात, तालुक्याच्या स्मरणिकेत हेच साल उतरवलं गेलं. खंड वेगळं सांगतात.

याचा निकाल लावायला फॉर्म ४ इतकं खात्रीचं काही नाही. १९५६ च्या वृत्तपत्र नोंदणी नियमांतल्या नियम ८ प्रमाणे फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवसानंतर निघणाऱ्या पहिल्या अंकात हे निवेदन छापावं लागे. प्रकाशनाचं ठिकाण, प्रसिद्धीकाल (रोज, आठवड्याने की कसं निघतं ते), मुद्रक, प्रकाशक, संपादक, त्यांचं राष्ट्रीयत्व आणि पत्ता, आणि भांडवलात एक टक्क्याहून जास्त वाटा असलेल्यांची नावं. म्हणून कोणत्याही खंडात आधी मार्चचा पहिला अंक उघडा. मालकी कोणाकडून कोणाकडे गेली, भागीदार कधी सुटला, छापखाना कधी बदलला, हे सगळं वर्षावर्षाला त्या एका चौकटीत आहे. वर्धापनदिनाच्या अंकात भागीदाराचं नाव नसतं. फॉर्म ४ मध्ये असतं.

इथल्या चौकटींत १९५९ ला ‘साप्ताहिक’, १९६० ला ‘अर्धसाप्ताहिक’, १९६१ ला ‘दैनिक’. म्हणजे बदल मार्च १९६० ते मार्च १९६१ या बारा महिन्यांतला. त्या मुदतीतल्या अंकांच्या तारखा लावल्या, तर १९६० च्या दिवाळीनंतर रोजचा अंक दिसतो. ‘वर्ष’ मात्र साप्ताहिकाचंच पुढे चालू ठेवलं, नव्याने ‘वर्ष १’ केलं नाही. विशेषांकाचा घोळ तिथेच असावा.

फॉर्म ४ बहुधा चौथ्या पानाच्या तळाशी, बारीक टाइपात असतो. पानाच्या खालच्या अर्ध्याचा फोकस ढिला असेल तर नेमकं हेच वाचता येत नाही. पहिल्या खंडांचे फोटो पुन्हा काढले त्याचं इथे चीज झालं.

२७ मार्च – खंडांबाहेरचे पुरावे

फॉर्म ४ वर थांबलो नाही. १८६७ च्या छापखाने व पुस्तकं नोंदणीच्या कायद्याप्रमाणे मुद्रक-प्रकाशकाला जिल्हादंडाधिकाऱ्यापुढे घोषणापत्र करावं लागे, आणि प्रसिद्धीकाल बदलला की जुनं घोषणापत्र रद्द होऊन नवं करावं लागे. (हा कायदा आता नाही, १ मार्च २०२४ पासून २०२३ चा नवा कायदा लागू आहे. जुन्या दैनिकांच्या शोधाला जुनीच कागदपत्रं लागतात.) जिल्ह्याच्या ठिकाणी अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज दिला आहे. अर्जात ‘वृत्तपत्राची फाइल’ असं मोघम लिहू नका. मुद्रकाचं नाव, छापखान्याचं नाव आणि सालाची मुदत द्या, कारण जुनं नोंदणी पुस्तक मुद्रकाच्या नावावर असू शकतं. दैनिकाच्या नावावर शोधून ‘आढळ होत नाही’ असा शेरा आला होता.

हरवलेल्या अंकांसाठी सगळ्यात चांगली जागा अनपेक्षित निघाली: जाहिरातीच्या बिलांच्या फाइली. जाहिरात छापली की बिलासोबत त्या अंकाची व्हाउचर कॉपी (छापल्याचा पुरावा म्हणून एक प्रत) जोडायची रीत आहे. बाजार समिती, सहकारी जिनिंग-प्रेसिंग, नगरपरिषद यांच्या जुन्या लेखा-फाइलींत असे अंक घडी करून टाचलेले आहेत. लेखापरीक्षण झालेल्या फाइली नष्ट करायची मुदत असते, म्हणून सचिवांना भेटून ‘रद्दीत काढण्यापूर्वी कळवा’ असं पत्र देऊन ठेवा. वकिलांकडेही जाहीर नोटिशीचे अंक असतात, पण बहुधा कात्रणच, अख्खा अंक क्वचित. कात्रणाच्या पाठीमागचा मजकूर बघायला विसरू नका; तारखेचा धागा तिथे मिळतो.

२२ एप्रिल – उन्हाळा

पारा ४४ च्या वर. खोलीतली आर्द्रता मोजली तर २० टक्क्यांच्या खाली (आर्द्रतामापक ३५० रुपये, सुरुवातीलाच घ्यावा). इतक्या कोरड्या हवेत न्यूजप्रिंट घडीवर काडकन तुटतं. डिसेंबरमध्ये जी पानं सहज उलटत होती तीच आता कोपऱ्यात हातात येऊ लागली. काम थांबवलं.

कूलर लावला, पण पानांवर रोखून नाही. कूलरच्या झोताबरोबर बारीक थेंब येतात आणि पानावर कडा असलेले डाग उठतात. कूलर शेजारच्या खोलीत, मधलं दार उघडं, छतपंखा मंद. आर्द्रता ४५-५० वर आली. खंड त्या हवेत रात्रभर मुरू दिले आणि सकाळी काम केलं. दुपारी वीज जाते, त्यामुळे तसंही सकाळच धरावी लागते.

तुटलेल्या पानांसाठी पातळ जपानी टिश्यू (१,८५० रुपये) आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ. कुरडईसाठी चीक काढतो तसं सत्त्व काढून धुऊन वाळवलं. एक भाग सत्त्व, पाच भाग पाणी, मंद आचेवर अर्धा तास सतत ढवळत, मग गाळून पातळ. नुसता मैदा वापरला तर त्यातल्या चिकट भागामुळे पट्टी कडक होते आणि पान पट्टीशेजारी नव्याने तुटतं. टिश्यू कात्रीने कापू नका, ओल्या ब्रशची रेघ मारून फाडा, म्हणजे कड विरळ राहते. वर टीपकागद आणि वजन. सेलोटेप अजिबात नको. आधीच्या टेपांखालची अक्षरं तेलकट तपकिरी झाली आहेत आणि ती आता परत मिळणार नाहीत.

१९ मे – अक्षरओळख आणि शोध

अक्षरओळखीच्या टेसरॅक्ट या सॉफ्टवेअरचं मराठी मॉडेल वापरतो. अख्खं पान दिलं तर ते सहा कॉलम आरपार वाचतं, कारण मधली रूळ झिजलेली असते. कॉलम कापून एकेक दिला, पान-विभागणी मोड ६, मग ओळी जागेवर आल्या. ‘ख’ चा ‘रव’ सर्रास होतो. मथळ्यांचे लाकडी ठसे जवळजवळ वाचलेच जात नाहीत. मथळे हाताने टाइप करतोय.

मजकूर अक्षरशः शुद्ध करत बसणं परवडणारं नाही. नाव आणि गाव सापडलं म्हणजे पुरे. म्हणून शोधासाठी मजकुराची वेगळी प्रत केली: सगळे अनुस्वार काढले, ह्रस्व-दीर्घ एक केलं. जुनं ‘कांहीं’ आणि नवं ‘काही’ दोन्ही ‘काहि’ होतात, शिवाय शाईचा ठिपका अनुस्वार म्हणून वाचला गेला असेल तर तोही निकालात निघतो. मूळ मजकुराला हात लावलेला नाही.

एक गोष्ट दिवसभर छळत होती. ‘शेतकऱ्यांचा’ शोधला तर निम्मेच अंक येत. ‘ऱ्य’ संगणकात दोन तऱ्हेने लिहिला जातो: नुक्त्याचा ‘ऱ’ आणि हलन्त, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला वेगळे. एका रूपात आणून टाकले. वऱ्हाड हा शब्द आणि शेतकरी, अधिकारी, कर्मचारी यांची विभक्तीची रूपं यात अडकतात, म्हणून हे आधीच करा. गावांच्या जुन्या नावांचीही जोडयादी लागते: चांदा आणि चंद्रपूर, उमरावती आणि अमरावती, येवतमाळ आणि यवतमाळ.

१६ जून – सीडीवरची वर्षं

शेवटच्या काही वर्षांची पानं पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरच्या फाइलींत, सीडीवर. कागदी खंड बांधलेच नाहीत, ‘सगळं कॉम्प्युटरात आहे’ म्हणून. सीडींचा बराच भाग उघडत नाही. ज्या उघडल्या त्यांतला मजकूर बिगर-युनिकोड फॉन्टमधला, फॉन्ट नसला की रोमन चिन्हांचा कचरा दिसतो. कन्व्हर्टर मिळतात, पण फॉन्टच्या मालिकेप्रमाणे तक्ता बदलतो. चुकीचा तक्ता लावला तर व्यंजनं बरोबर आणि जोडाक्षरं चुकीची येतात, आणि भरभर वाचताना ते लक्षात येत नाही. प्रत्येक फाइलमधला जोडाक्षरांनी भरलेला एक परिच्छेद आधी हाताने पडताळतो. १९५५ चं पान आज वाचता येतं, २००१ चं नाही, अशी स्थिती आहे. त्या वर्षांसाठी वाचकांच्या घरचे गठ्ठे शोधणं सुरू आहे.

३० जून – काय खुलं करायचं

वृत्तपत्रातला निनावी मजकूर प्रसिद्धीच्या पुढच्या कॅलेंडर वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं संरक्षित असतो. त्या हिशोबाने १९६४ अखेरपर्यंतचा निनावी मजकूर २०२५ च्या सुरुवातीला मोकळा झाला. सही असलेल्या लेखांना लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं लागतात, म्हणून ते सूचीत वेगळे खुणावले आहेत आणि फक्त वाचनालयात दाखवायचे. १९६५ पासूनचे अंकही वारसांच्या संमतीनुसार सध्या वाचनालयातच.

एक डिस्क वाचनालयात, दुसरी जिल्ह्याच्या ठिकाणी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात. दर तिमाहीला दोन्हींचे चेकसम (फाइल बिघडली नाही ना हे दाखवणारे आकडे) जुळवायचे. उसवलेले खंड पुन्हा शिवायचे नाहीत. महिन्यागणिक आम्लरहित कागदात गुंडाळून आडवे, उभे नाहीत.

घोषणापत्राची नक्कल अजून यायची आहे. ती येईपर्यंत सूचीत ‘दैनिक झाल्याची तारीख’ या रकान्यात दोन ओळी आहेत: ‘विशेषांकाप्रमाणे दसरा १९५८’ आणि ‘अंक व फॉर्म ४ प्रमाणे १९६० ची दिवाळी ते मार्च १९६१’.